डाव्या हातावरचा दिवस

त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं की दुकानात दिवसभरात कोण कोण येऊन गेलं ते कळायचं. मनगटापासून कोपरापर्यंत रंगाचे ठिपके, टिकलीएवढे, ओळीने. मनगटाजवळचे सकाळचे, कोपराजवळचे संध्याकाळचे. दसरा-दिवाळीच्या दिवसांत हात पुरायचा नाही, मग दुसरी ओळ सुरू व्हायची. रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, काका, भाजलं का? ते म्हणायचे, "नाय, काम करतो."

पनवेलच्या बाजारात माझ्या बाबांचं रंगांचं दुकान आहे. काका तिथे कामाला होते, रंग मिसळायचे, माझ्या जन्माच्या आधीपासून. कोन गावाच्या पुढे त्यांचं गाव. तिथून सकाळच्या बसने यायचे, खिडकीत बसून. खिडकी मिळाली नाही तर ती बस सोडून द्यायचे, कारण खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा. दुकानात आले की चप्पल काढायच्या आधी स्टेनरच्या बाटल्या उघडायचे. पांढऱ्या रंगात हे स्टेनर थेंबथेंब टाकून हवी ती छटा करतात. त्या दिवशी डोंगर जसा दिसला असेल तो रंग वाटीत करायचा आणि मनगटावर पहिला ठिपका लावायचा, मग गिऱ्हाईक. इतक्या वर्षांत कधी एकदा तरी तोच रंग पुन्हा आला का, असं मी त्यांना विचारलं होतं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "एकदा वाटलेला. पन तवा मना ताप होता."

लोक भिंतीचा पोपडा घेऊन यायचे. पाईप फुटून भिंत खराब झाली, तेवढाच तुकडा रंगवायचा, पण रंग जुन्याशी जुळला पाहिजे. काका पोपडा जिभेला लावतील की काय अशी मला भीती वाटायची, इतक्या जवळून बघायचे. वाटीत रंग करायचा, बोटाने हातावर लावायचा आणि दुकानाच्या बाहेर जाऊन उन्हात उभं राहायचं. हातावरच का, तर "कागद रंग पितो, कातडी नाय पीत." दुकानाच्या ट्यूबलाइटखाली त्यांनी कधी रंग पाहिला नाही. आणि ओला रंग तर कधीच नाही. डिस्टेंपर वाळला की फिका पडतो, त्यामुळे ओल्यावर हो म्हणणारा माणूस घरी जाऊन फसतो.

"वाळू दे. मंग बोल," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. हळूहळू हे त्यांनी सगळ्यालाच लावलं. बाबा माल पाठवणाऱ्यावर फोनवर भडकले की आतून आवाज यायचा, "वाळू द्या शेठ." समोरच्या शिंप्याच्या मुलाने घर सोडलं तेव्हा शिंप्याला हेच सांगितलं. मला बारावीला कमी मार्क पडले तेव्हा आई दुकानात येऊन रडली. काकांनी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि तिसरं काय दिलं असेल ते वेगळं सांगायला नको.

गिऱ्हाइकांना त्यांचा त्रास व्हायचा. नवीन पनवेलच्या एक मॅडम एकदा म्हणाल्या, "क्रीम कलर द्या."

"कुठला क्रीम?"

"नॉर्मल क्रीम हो."

"ताज्या दुधावर साय धरते तसा, का रातभर ठेवलेल्या?"

मॅडम बाबांकडे बघायला लागल्या. बाबा वहीत डोकं घालून बसले.

"तुमच्याकडे दूध गायचं येतं का म्हशीचं?"

"पिशवीचं," मॅडम म्हणाल्या.

 काका शेड कार्ड त्यांच्या पुढ्यात सरकवून म्हणाले, "मंग ह्यातला कंचा पन घ्या."

हे सगळं मी कोपऱ्यातल्या प्रायमरच्या डब्यावर बसून बघायचे. शाळेच्या सुट्ट्या मी तिथेच काढल्या. घरी सोसायटीतल्या बायका यायच्या आणि प्रश्न विचारायच्या. उत्तर इंग्लिशमध्ये दिलं की शहाणी म्हणायच्या, मराठीत दिलं की हसायच्या, म्हणून मी उत्तरं देणं कमी करत आणलं. दुकानात कोणी मालकाच्या मुलीशी बोलत नाही. काकांनीही मला कधी कितवीत आहेस विचारलं नाही. ते फक्त हात पुढे करायचे. "वळख, बाय."

मी ठिपक्यावर बोट ठेवायचे आणि मग दुकानासमोर उभ्या असलेल्या रिक्षाच्या सीटकडे, किंवा फळीवर ठेवलेल्या कांद्याच्या सालीकडे दाखवायचे. बरोबर असलं की ते मान हलवायचे. त्यासाठी बोलावं लागायचं नाही. माझ्या शाळेत रंगांची नावं पेटीवर छापलेली असत. आमसुली, विटकरी, पारवा, अबोली ही नावं मी त्यांच्याकडून शिकले, आणि ज्यांना नावच नाही असे रंग जास्त आहेत हेही.

संध्याकाळी ते हात धुवायचे नाहीत. तसाच घरी न्यायचे. काकूंचे गुडघे गेलेले होते, त्या घराबाहेर फारशा पडत नसत. काका घरी पोहोचले की त्या चष्मा लावायच्या आणि मनगटापासून सुरुवात करायच्या, ह्यो कोनाचा, ह्यो कोनाचा. शेवटच्या ठिपक्यापर्यंत पोहोचल्या की मग साबण. हे काकांनीच सांगितलं होतं, बसची वाट बघत असताना, सहज. मला ते ऐकून कसंतरी झालं. इतक्या वर्षांचे इतके हात, सगळे मोरीत गेले. मी म्हटलं, फोटो तरी काढून ठेवायचे.

"मंग उद्याला जागा?" ते म्हणाले.

बाबांनी रंग मिसळायचं मशीन आणलं तेव्हा काका चिडतील असं सगळ्यांना वाटलं. ते चिडले नाहीत. दिवसभर त्याच्यासमोर उभे राहिले, नंबर दाबला की थेंब कसे पडतात ते पाहिलं, आणि बाबांना म्हणाले, "चांगलं हाय. मान दुखत नसंल त्याची." शेड कार्डवाले मशीनकडे गेले. काकांकडे उरले वस्तूवाले, म्हणजे शर्टाचं बटण, जुन्या फरशीचा तुकडा, लग्नातल्या शालूचा धागा घेऊन येणारे. लोक वस्तू विसरून जायचे. काका त्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे आणि रिकाम्या वेळी काढून बघायचे.

मी मुंबईला आर्ट कॉलेजात गेले. शेवटच्या वर्षी दहा चित्रांचं प्रदर्शन लावावं लागतं, ते लागलं नाही तर वर्ष जातं. आमचे सर भले होते. माझी स्केचेस बघून ते म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पण तुला दाखवायचंय काय?" वर्गात प्रत्येकाकडे काहीतरी होतं. एकीच्या घरात तीन पिढ्यांचं भजनी मंडळ होतं, एक जण जंगलाच्या कडेला वाढला होता. माझ्याकडे पनवेलच्या एका सेक्टरमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता, शाळा होती आणि दुकान होतं. माझ्या आयुष्यात काही घडलेलंच नाही, हे मला अगदी खरं वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी दहा कोरे कॅनव्हास घेऊन पनवेलला आले. आईने ते सोफ्यामागे उभे केले. रोज सकाळी ती केर काढताना त्यांच्यावरची धूळ पुसायची, काही न बोलता, आणि ते मला बोलण्यापेक्षा जड जायचं. तीन आठवड्यांत मी एक रेघ ओढली नाही. शेवटी कॉलेज सोडण्याचा अर्ज भरला, घडी घालून बॅगेत ठेवला आणि घरात थांबायला नको म्हणून दुकानात जाऊन प्रायमरच्या डब्यावर बसले. काकांनी हात पुढे केला. मी मान हलवून नको म्हटलं. त्यांनी हात मागे घेतला आणि कामाला लागले.

त्याच दिवशी ती आजी आली. गुडघ्यापर्यंत लुगडं, अंगठ्यांनी जड झालेली बोटं, बरोबर नातू. नातवाने घर बांधलं होतं, पुढच्या खोलीच्या भिंतीचा रंग तेवढा आजी सांगेल असं ठरलं होतं. आता तो पस्तावला होता.

"मना मिठागराचा रंग पायजे," आजी म्हणाली.

"आजी, मीठ पांढरं असतं. व्हाइट घे ना, मी मघापासून तेच बोलतोय."

"तू कवा पाय ठेवलास मिठागरात?"

काका पुढे आले. "कुठल्या टायमाचं, आये?"

आजीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिला बहुधा हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. "सांजचं. मीठ धरायच्या आदी पानी लाल पडतं नं, तवाचं. लई लाल नाय. आमच्यावर आता भराव पडला, बिल्डिंग हायत तिथं. त्याचं मना काय नाय. पन सकाली उठल्यावर डोल्यासमोर तेवढं दिसलं पायजे."

काकांनी स्टूल दिलं. पांढरा घेतला, लाल स्टेनर, काळ्याचा जेमतेम अंश, मातकट पिवळा. ठिपका लावला, बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले, फुंकर घातली, वाळल्यावर आत येऊन दाखवला.

"नाय."

दुसरा. तिसरा. संध्याकाळपर्यंत सात झाले. आजी चिडत नव्हती, घाईही करत नव्हती. नातू फोनवर होता. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, पुन्हा स्टुलावर बसली. काकांचा अख्खा हात एकाच घराण्यातल्या ठिपक्यांनी भरला, गुलाबी, करडे, वाळूसारखे. बाबा हळूच म्हणाले, "काका, मशीनवर एखादा पिंक काढून द्या. घरी गेल्यावर त्यांना काय आठवतंय."

"आठवतंय म्हनून तर आलीय ती," काका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, काकू काय म्हणाल्या. "बोलली, दोन दिस एकच बाई आली का तुमच्याकडं?" ते हसले, पण नेहमीसारखे नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचं मनगट कोरं पाहिलं. कर्नाळ्याचा ठिपका लावायचा राहिला होता.

मला एक गोष्ट दिसली होती, आणि ती दुसऱ्या दिवशीच दिसली होती. काका हाताला ठिपका लावायचे त्या क्षणी आजी स्टुलावरून पुढे वाकायची. ते पाठ फिरवून उन्हात निघाले की ती मागे सरायची. ते परत येईपर्यंत तिचं "नाय" तयार असायचं, ती हाताकडे नीट बघायचीही नाही. मी हे पाहिलं, त्याचा अर्थही मला कळला, आणि मी गप्प बसले. इतकी वर्षं रंग जुळवणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? माझ्या त्या गप्प बसण्यात काकांचा एक अख्खा दिवस गेला.

दुपारी त्यांनी स्टेनरच्या बाटल्यांना बुचं लावली. "आये," ते म्हणाले, "ह्यो रंग मना नाय जमायचा." फडकं ओलं केलं आणि भर दुपारी दुकानात उभं राहून हात पुसायला लागले.

ते मला बघवलं नाही. "काका, वाळायच्या आधी दाखवा," मी म्हटलं.

माझा आवाज एवढा मोठा आला की बाबांनी वहीतून डोकं वर काढलं. काका फडकं हातात धरून थांबले.

"ओला रंग बगायचा नसतो, बाय."

"पण मिठागर ओलंच असतं ना."

 नातवाने फोन खाली केला. काकांनी एक बूच उघडलं, वाटीत उरलेला रंग जरा हलवला, बोटाने मनगटावर ओढला आणि उन्हात न जाता हात तसाच आजीसमोर धरला.

आजीने तो दोन्ही हातांनी पकडला, डोळ्यांजवळ नेला. "हां," ती म्हणाली. "ह्यो. ह्योच हाय." ती बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांदेखत ठिपक्याची कड वाळायला लागली, कडेपासून आत आत फिका होत गेला. "गेला," आजी म्हणाली. "गेला बग."

"जात नाय. बसा," काका म्हणाले.

मग चार वाजेपर्यंत ते रंगच जुळवत राहिले. डिस्टेंपर बाजूला सारला आणि चकाकी असलेला ऑइल पेंट घेतला, वाळल्यावरही ओला दिसणारा. रंग गडद केला, पुन्हा थोडा उतरवला. एकदाच स्वतःशी म्हणाले, "वाळल्याचाच जुळवला आजवर. ओल्याचा कोन मागायला आला नाय." शेवटचा ठिपका लावून ते उन्हात गेले, मग पंख्याखाली, पुन्हा उन्हात, बराच वेळ. आत आले तेव्हा तो वाळला होता आणि त्यात पाणी होतं.

आजीने बोट लुगड्याला पुसलं, ठिपक्याला लावलं, बोट कोरडं आहे का ते पाहिलं. कोरडं होतं. काकांनी त्याच मापाने डबा भरून पुढे ठेवल्यावर ती नातवाला म्हणाली, "डबा उचल."

ते गेल्यावर काकांनी माझा डावा हात ओढून घेतला आणि वाटीतला उरलेला रंग माझ्या मनगटावर लावला. "आजचा तुजा."

घरी आईने विचारलं, हे काय लागलंय. मी सांगायला सुरुवात केली. आजीचं लुगडं, नातवाचं व्हाइट, काकांनी लावलेली बुचं. आई कणीक मळता मळता थांबली. मी किती वेळ बोलत होते मला माहीत नाही, पण कणकेवर पापुद्रा धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले. कर्नाळा दिसत होता, म्हणजे त्याच्यावरची धूळ दिसत होती, आणि धुळीमागे काहीतरी निळसर. तो रंग करून मनगटावर लावला. मग वॉचमनच्या शर्टाची कॉलर, बाहेरून उडालेली आणि घडीच्या आत अजून गडद निळी. शेजारच्या दाराच्या कडीखाली रोजच्या हातांनी धरलेला काळपटपणा. भाजीवालीचं ओलं गोणपाट. आईच्या डाव्या अंगठ्यावरचा सुरणाचा डाग. कोपरापर्यंत पोहोचायला मला दुपारही लागली नाही. मी त्याच जिन्यावरून, त्याच दारांसमोरून वीस वर्षं जात होते.

दहा कॅनव्हासवर दहा दिवस आले. एकेक दिवस, खालून वर. अर्जाच्या कोऱ्या बाजूवर मी रंग जुळवून बघायचे. काकांचं खरं होतं, कागद रंग पितो.

प्रदर्शनात सर पुन्हा आले आणि म्हणाले, "हं, काय दाखवायचंय?" मी पहिल्या चित्रासमोर उभी राहिले आणि म्हटलं, हा आमच्या वॉचमनचा. हा शेजारच्या दाराचा. तिसऱ्या चित्रापर्यंत सरांनी स्टूल ओढून घेतलं. बक्षीस मिळालं नाही. वर्ष वाचलं.

पुढच्या वर्षी काकांनी दुकान सोडलं. मशीनमुळे नाही, बसची पायरी चढवेना म्हणून. जाताना बिस्किटांचा डबा मला देऊन गेले.

मागच्या महिन्यात मी त्यांच्या गावी गेले. इतक्या वर्षांत काकूंना मी पाहिलं नव्हतं. त्या ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. काका बाजूला, आणि त्यांचा डावा हात इतका कोरा होता की मी आधी उजव्या हाताकडे पाहिलं. काकूंनी मला नाव विचारलं नाही. चष्मा लावला आणि म्हणाल्या, "दे."

मी हात दिला. त्यांनी मनगटापासून सुरुवात केली. "ह्यो कर्नाळा. सकाली धुकं होतं नं?"

मी हो म्हटलं.

"ह्यो कोनाचा?"

मी सांगत गेले. काका डोळे मिटून ऐकत होते, मधेच "पिवला जास्त पडला असंल" असं काहीतरी म्हणत होते. काकू एकेका ठिपक्यावर थांबत, हसत, पुढे सरकत कोपराजवळ आल्या आणि त्यांचं बोट माखलं.

"ह्यो ओला हाय अजून. कोनाचा?"

"तुमच्या दाराचा," मी म्हटलं. "आत यायच्या आधी अंगणात उभं राहून केला."

दोघांनी वळून दाराकडे पाहिलं. काकांनी ते दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांचे उरलेसुरले डबे एकत्र करून रंगवलं होतं. त्या रंगाला कुठल्याच शेड कार्डात नंबर नाही. मला तो करायला पाऊण तास लागला होता, आणि जमला असेल याची खात्री नव्हती.

काकूंनी माझा हात गुडघ्यावर उन्हात ठेवला आणि वर आपला हात दाबून धरला, मी हलवू नये म्हणून.

"वाळू दे," त्या म्हणाल्या. "मंग सांगते."

आम्ही तिघं वाट बघत बसलो.